कंपनीच्या वकिलाला होयबा करू नका

कंपन्यांच्या विधी विभागात नोकरीला लागणाऱ्या तरुण वकिलांना हल्ली सगळीकडे एकच उपदेश ऐकायला मिळतो. परिसंवादात, मुलाखतीत, पहिल्या अप्रेजलच्या वेळी. कंपनीत आलात, आता कोर्टातली वकिली विसरा. धंद्याचे भागीदार व्हा. ‘नाही’ म्हणू नका, ‘कसे जमेल’ ते सांगा. अडचणीचे काही असेल तर फोन करा, ईमेल टाकू नका. कम्प्लायन्सच्या तक्त्यांत जीव अडकवू नका, ते सेक्रेटरियल विभाग आणि सॉफ्टवेअर पाहून घेईल. बढती हवी असेल तर मोठ्या सौद्यांच्या बैठकीत दिसा. उपदेश करणारे बहुतेक जण अनुभवी असतात, त्यांचा हेतूही चांगला असतो. म्हणूनच हा उपदेश मुद्देसूद खोडून काढला पाहिजे. तो मनापासून पाळणारा वकील कंपनीला अशा ठिकाणी नेऊन सोडतो, जिथून तिला बाहेर काढणे त्याच्या हातात उरत नाही.

आधी त्यातले खरे मान्य करू. निविदेची मुदत उद्या संपते म्हणून विक्री विभागाने घाईने विचारलेल्या प्रश्नाला पंधरा पानांचे, ‘एकीकडे असे, दुसरीकडे तसे’ छापाचे उत्तर देणारा वकील कंपनीच्या उपयोगाचा नाही. आपल्या कारखान्यात काय बनते, माल कोणत्या अटींवर उधार जातो, नफा कुठे सुटतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याचा नकारही पोकळ असतो. ताळेबंद वाचता न येणाऱ्या विधी अधिकाऱ्याला मीही बढती देणार नाही. चांगला वकील बहुतेक वेळा वाट काढूनच देतो. वाद आहे तो उरलेल्या थोड्या वेळांचा, जेव्हा वाटच नसते.

‘भागीदार व्हा’ म्हणणाऱ्यांनी एक गोष्ट गृहीत धरलेली असते: ज्याच्या केबिनमध्ये आपण बसलो आहोत तो विभागप्रमुख, किंवा फार तर एमडी, म्हणजेच कंपनी. कायद्याला हे मान्य नाही. वकिलाचा अशील कंपनी आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३४ (५) प्रमाणे संचालकांना दरवर्षी आपल्या अहवालात जाहीर करावे लागते की, लागू असलेल्या सर्व कायद्यांचे पालन व्हावे यासाठी योग्य यंत्रणा आम्ही उभी केली आहे, ती पुरेशी आहे आणि परिणामकारकपणे चालते आहे. भागधारक आणि कर्ज देणाऱ्या बँका त्या निवेदनावर विसंबतात. स्वतंत्र संचालक वर्षातून एकदा कारखान्यात फिरकला तर फिरकला. त्याच्या सहीमागे असते ती विधी विभागाने खालून गोळा करून वर पाठवलेली खात्री. ती पाठवणाऱ्याने वर्षभर कुणालाच अडवले नसेल तर त्या खात्रीत काय असणार? संचालक मंडळाला अंधारात ठेवून त्याच्याकडून सही घेतल्यासारखेच ते आहे.

वकील गप्प राहिले की काय होते, याचे जनरल मोटर्सइतके ठसठशीत उदाहरण मला दुसरे माहीत नाही. कंपनीच्या शेव्हरोले कोबाल्ट आणि इतर काही छोट्या गाड्यांचे इग्निशन स्विच सदोष होते. किल्लीला धक्का लागला किंवा किल्लीच्या जुडग्याचे वजन पडले की स्विच चालू स्थितीतून सरकायचा, इंजिन बंद पडायचे आणि अपघात झाला तर एअरबॅग उघडायची नाही. कंपनीतल्या काही जणांना या स्विचची तक्रार दहा वर्षांहून अधिक काळ माहीत होती. गाड्या परत बोलावायला मात्र फेब्रुवारी २०१४ उजाडला. कंपनीने उभारलेल्या भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.

या प्रकरणाचा जो चौकशी अहवाल माजी सरकारी वकील अँटन व्हालुकस यांनी जून २०१४ मध्ये दिला, त्यातला विधी विभागाचा भाग प्रत्येक कंपनी वकिलाने वाचावा. अपघातांचे दावे याच विभागाकडे येत होते. बाहेरचे वकील लेखी इशारे देत होते की, हे प्रकरण ज्युरीपुढे गेले तर जबर दंडात्मक भरपाई बसेल. विभाग दावे तडजोडीने मिटवत राहिला. ठरावीक रकमेखालचे दावे जनरल कौन्सेलपर्यंत जायचेच नाहीत, त्यामुळे सगळ्या अपघातांचे मूळ एकच आहे ही गोष्टही त्यांच्यापर्यंत गेली नाही. या वकिलांनी आजच्या उपदेशातले काय पाळले नव्हते? दावा आला, वाट काढली, कुणाला त्रास दिला नाही, धंदा चालू राहिला. कंपनीने पंधरा कर्मचाऱ्यांना काढले. त्यांत काही वकील होते. पुढच्या वर्षी फौजदारी खटला टाळण्यासाठी कंपनीने ९० कोटी डॉलर मोजले.

आता दुसऱ्या उपदेशाकडे येतो: बोला, पण लिहू नका. याला अलीकडे नवे बळ मिळाले आहे, म्हणून त्यावर जरा थांबणे भाग आहे.

तपास यंत्रणा वकिलांनाच समन्स पाठवू लागल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी निकाल दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या पीठाने वकिली करणाऱ्या वकिलांना चांगले संरक्षण दिले. कंपनीतल्या पगारी वकिलांना मात्र भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम १३२ चे गोपनीयतेचे कवच मिळणार नाही, असे स्पष्ट सांगितले. त्याच अधिनियमाच्या कलम १३४ चा आधार आहे, पण तो कंपनीने आपल्या बाहेरच्या विधी सल्लागाराशी केलेल्या पत्रव्यवहारापुरता. कंपनी आणि तिचा नोकरदार वकील यांच्यातल्या देवाणघेवाणीला तो लागू नाही. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाच्या विजय मेटल वर्क्स निकालाचा (एआयआर १९८२) फार मोठा दिलासा होता. पगारदार विधी सल्लागारालाही बाहेरच्या वकिलासारखेच संरक्षण आहे, असे त्यात म्हटले होते. मुंबई-पुण्यातले विधी विभाग त्यावर निर्धास्त होते. ते दिवस संपले.

यावरून उपदेशकांनी काढलेला निष्कर्ष असा की, आता तर ईमेल म्हणजे आपल्याच हाताने दिलेला पुरावा, तेव्हा सगळे तोंडी सांगा. हा निष्कर्ष तीन कारणांनी चुकीचा आहे.

तोंडी सांगितलेले कंपनीत टिकत नाही. एमडी बदलतो, विभागप्रमुख नोकरी सोडतो, आणि दोन वर्षांनी नोटीस येते तेव्हा ‘लीगलने कधी सांगितलेच नाही’ हे वाक्य ठरलेले असते. आणि तोंडी म्हणजे खरोखर तोंडी राहतेच कुठे? ते व्हॉट्सअपवर जाते. तिथे माणूस ईमेलपेक्षा दसपट निष्काळजीपणे लिहितो, मग घाबरून पुसतो. पुरावा म्हणून मागितला जाऊ नये यासाठी दस्तऐवज किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद नष्ट करणे हा भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

त्याहून मोठे कारण हे की, कागद कंपनीचा बचावही असतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली. आता कंपनीच्या वतीने काम करणाऱ्या कुणीही, म्हणजे एजंटाने किंवा सल्लागारानेही, कंपनीच्या फायद्यासाठी लोकसेवकाला लाच दिली तर खुद्द कंपनीवर खटला चालतो. कंपनीला बचाव एकच: असे होऊ नये म्हणून आमच्याकडे पुरेशी कार्यपद्धती होती, हे सिद्ध करणे. ते कशाने सिद्ध करणार? एजंट नेमण्याआधी विचारलेले प्रश्न, अडवलेली बिले, नाकारलेली कमिशने, दिलेली प्रशिक्षणे, हे सगळे कुठेतरी लिहिलेले लागते. ‘लिहू नका’ म्हणणारा सल्लागार हा बचावच काढून घेतो.

तिसरे कारण निकालाच्याच पोटात आहे. बाहेरच्या वकिलाला कवच आणि पगारी वकिलाला नाही, हा भेद न्यायालयाने केला, कारण पगारी वकील मालकाच्या धंद्याच्या धोरणांपासून स्वतंत्र नसतो. युरोपीय न्यायालयाने अक्झो नोबेल प्रकरणात २०१० साली जवळपास हीच भूमिका घेतली होती. निकालावर नाराज असलेल्या माझ्या व्यवसायबंधूंना मी विचारतो: आपण स्वतःच दहा वर्षे व्यासपीठांवरून ‘आम्ही आधी धंद्याचे, मग कायद्याचे’ असे सांगत आलो, मग न्यायालयाने वेगळे काय म्हटले? संरक्षण परत मागायचे असेल, आणि ते मागायला हवेच, तर आधी स्वातंत्र्य दाखवावे लागेल. आम्ही धंद्याचेच आहोत असे एका तोंडाने सांगायचे आणि वकिलाचे कवच दुसऱ्या तोंडाने मागायचे, हे चालणार नाही.

लिहायचे, तर कसे, ते दाखवतो. वितरकाला वर्षअखेरीस माल पाठवून विक्री दाखवायची आणि एप्रिलमध्ये तो परत घ्यायचा, अशी तोंडी बोली झाल्याचे वकिलाच्या कानावर येते. घाबरलेला वकील लिहितो: ‘हे भयंकर आहे, उद्या सेबीने पकडले तर आपण सगळे आत जाऊ, मी आधीच सांगितले होते.’ यात तथ्य एकही नाही, आरोप मात्र तीन आहेत. तपास अधिकाऱ्याला याहून आवडता कागद मिळणार नाही. दुसरा वकील आधी दोन फोन करतो, डिस्पॅचची चलने मागवतो आणि लिहितो: ‘२८ मार्चच्या चार चलनांचा माल वितरकाच्या गोदामात न जाता वाहतूकदाराकडे आहे. माल परत घेण्याची तोंडी बोली असल्याचे विक्री विभागाकडून समजते. तसे असल्यास या रकमा या तिमाहीत विक्री म्हणून धरता येतील का, हे वित्त विभागाने लेखापरीक्षकांकडून तपासून घ्यावे. तोवर ही विक्री आकडेवारीत धरू नये, अशी शिफारस आहे. बाहेरच्या वकिलांचे मत मागवण्यासाठी सीएफओंची मान्यता हवी.’ ही टिपणी उद्या कुठेही वाचली गेली तरी कंपनीने वेळेवर डोळे उघडले, एवढेच तिच्यातून दिसेल.

बाहेरच्या वकिलाची वेळही महत्त्वाची. छापा पडल्यावर धावाधाव करून त्याला जुन्या मेलमध्ये ‘सीसी’ केल्याने काही साधत नाही. प्रश्न गंभीर आहे असे जाणवताच त्याला रीतसर नेमावे, प्रश्न कंपनीने त्याला विचारावा, मत त्याने द्यावे. आणि प्रत्येक मेलच्या डोक्यावर ‘गोपनीय, विधी सल्ला’ असा शिक्का मारण्याची सवय सोडावी. कॅन्टीनच्या कंत्राटावरही तो शिक्का असेल तर खऱ्या सल्ल्यावरच्या शिक्क्याला कोण किंमत देईल?

राहिला तिसरा उपदेश: कम्प्लायन्स हे कारकुनी काम आहे. असे म्हणणाऱ्याने संमतीपत्र उघडून वाचलेले नसते, एवढे मी खात्रीने सांगतो. कोकणातल्या एका औद्योगिक वसाहतीतल्या रासायनिक कारखान्याचे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र मी पाहिले. डॅशबोर्डवर त्याच्यापुढे हिरवी खूण होती, कारण पीडीएफ चढवलेली होती आणि मुदत संपलेली नव्हती. दुसऱ्या पानावर उत्पादनांचा तक्ता होता: कोणते रसायन, महिन्याला किती मेट्रिक टन. त्याखाली रोजच्या सांडपाण्याची मर्यादा, घनमीटरमध्ये. तो तक्ता आणि उत्पादन विभागाचा मासिक अहवाल हे दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा एका उत्पादनाचा आकडा संमतीच्या बराच पुढे गेलेला निघाला. नवी ऑर्डर मिळाली, पाळी वाढवली, सगळे खूश झाले, संमती वाढवून घ्यायचे राहून गेले. सॉफ्टवेअरला याचा पत्ता नव्हता. त्याला विचारले होते फक्त ‘कागद आहे का’. मंडळाने पाणी प्रदूषण कायद्याच्या कलम ३३अ खाली आदेश काढला तर कारखाना बंद होतो, वीज आणि पाणी तोडले जाते. ज्या ऑर्डरसाठी पाळी वाढवली ती ऑर्डरही त्याच दिवशी जाते.

ही तफावत सापडली ती बीएसएल-एलएलबी होऊन नुकत्याच लागलेल्या एका मुलीला. ती शिफ्ट इन्चार्जबरोबर एक दुपार प्लँटवर घालवायला तयार झाली, एवढीच तिची हुशारी. हे काम ज्याला कारकुनी वाटते त्याला कंपनीचा धंदा समजलेलाच नाही. कंपनीच्या सगळ्या विभागांत शिरण्याचा परवाना विधी विभागाला मिळतो तो कम्प्लायन्समुळे. जीएसटीचा अधिकारी काय बघतो, कंत्राटदाराच्या कामगारांचे वेतनपत्रक कोण तपासते, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारीवर अंतर्गत समिती कशी बसते, हे कळलेला वकील दहा वर्षांत जिथे पोचतो तिथे नुसते करारनामे तपासणारा पोचत नाही. अंतर्गत समितीचेच घ्या. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी रद्द केली. समितीने चौकशी इतक्या घाईत उरकली की नैसर्गिक न्याय पाळलाच गेला नाही, हे त्याचे कारण. तक्रारदार स्त्रिया आणि ज्याच्यावर आरोप झाला तो, सगळ्यांची वर्षे त्यात गेली. समितीला त्या वेळी ‘थोडे थांबा, त्याला पुरेशी संधी द्या’ असे ठामपणे सांगणारा कुणी हवा होता.

‘सरकारच आता तुरुंगवास काढून टाकते आहे, तुम्ही कशाला घाबरवता?’ असेही ऐकवले जाते. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने ४२ कायद्यांतल्या १८३ तरतुदी सौम्य केल्या, हे खरे. पण वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या खटल्याच्या जागी अधिकाऱ्याने थेट लावायचा दंड आला, तर कंपनीचा धोका कमी झाला असे कोण म्हणेल? त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात एका चुकीसाठी दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. त्या कायद्यात तुरुंगवास नाहीच.

आता कारकिर्दीबद्दल, कारण उपदेशाची खरी पकड तिथे आहे. पंचविशीतल्या मुलावर घराचे हप्ते असतात, गावाकडे आईवडील असतात. एमडीला ‘नाही’ म्हण, असे त्याला लेखातून सांगणे सोपे आहे, हे मला कळते. म्हणून सांगतो ते एवढेच, की शौर्य गाजवू नको, व्यवस्था लाव. मत फिरवले गेले तर भांडू नको. ‘चर्चेत ठरल्याप्रमाणे कंपनी पुढे जात आहे, माझ्या टिपणीतले मुद्दे कायम आहेत’ असा दोन ओळींचा मेल टाक. आपल्या कामाच्या बाहेरच्या हमीपत्रांवर सही करू नको. जे पाहिले नाही ते प्रमाणित करू नको. तरीही बेकायदा गोष्ट करण्यासाठी दबाव आला तर लेखापरीक्षण समितीचा दरवाजा आहे. कंपनी कायद्याच्या कलम १७७ प्रमाणे सूचीबद्ध कंपनीला तक्रारीची यंत्रणा ठेवावीच लागते आणि अपवादात्मक वेळी समितीच्या अध्यक्षांपर्यंत थेट जाता आले पाहिजे. आणि तेही बंद असेल तर दुसरी नोकरी शोध. अशा ठिकाणी टिकून मिळवलेली पाच वर्षे पुढच्या मुलाखतीत उपयोगी पडत नाहीत. उद्योगक्षेत्र लहान आहे, कोणाच्या सहीने काय झाले हे लोकांना माहीत असते.

आपले स्वतःचे पालन आधी. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवावी लागते आणि तसे राज्य बार कौन्सिलला कळवावे लागते. सतीश कुमार शर्मा प्रकरणात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने वीज मंडळाच्या विधी अधिकाऱ्याची सनदच टिकू दिली नाही. तरी महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलला न कळवता खिशात चालू सनद घेऊन वर्षानुवर्षे नोकरी करणारे कमी नाहीत. दुसऱ्यांना नियम शिकवणाऱ्याने हे करू नये. त्यात नुकसानही आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. पुढे न्यायाधीश व्हायचे स्वप्न असलेल्या मुलाने पदवीनंतर सरळ कंपनीत उडी मारण्याआधी हे कुणीतरी त्याला सांगायला हवे, कारण कंपनीतली वर्षे वकिलीत धरली जात नाहीत.

आणि हा सगळा भार पंचविशीतल्या मुलावर टाकून मालक मोकळे होऊ शकत नाहीत. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२० मध्ये बँकांना जे सांगितले ते कारखान्यांनाही आज लागू करता येण्यासारखे आहे. बँकेच्या मुख्य कम्प्लायन्स अधिकाऱ्याची मुदत किमान तीन वर्षे. मुदतीआधी त्याला हलवायचे किंवा काढायचे तर संचालक मंडळाची आधी मंजुरी. त्याला धंद्याची कोणतीही उद्दिष्टे द्यायची नाहीत, धंद्याच्या विभागांना तो उत्तरदायी नाही. तो एमडीच्या हाताखाली असेल तर लेखापरीक्षण समितीने दर तिमाहीला त्याला एकट्याला भेटायचे, एमडीच्या गैरहजेरीत. सूचीबद्ध कंपनीच्या विधीप्रमुखाच्या नेमणूकपत्रात हे चार मुद्दे घालायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही. संचालक मंडळाच्या एका ठरावाने ते होते. ज्या कंपनीत मुलाखतीला जाल तिथे हा ठराव आहे का, आणि आधीचा विधीप्रमुख का गेला, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर देणाऱ्याने दुसरा प्रश्न टाळला, तर पगाराचा आकडा ऐकायला थांबू नका.